सहलीचा हिशेब : इमॅजिकाला जाताना मुक्कामाची जागा कशी निवडायची?



एप्रिलची परीक्षा संपत आली की आमच्या कोडोलीत शाळेच्या गेटवर एक प्रश्न हमखास येतो. "बाई, पोरांना एकदा इमॅजिका दाखवायचंय. राहायला कुठं बघू?" हा प्रश्न विचारणारे सगळे काही पैसेवाले नसतात. कुणी वारणेच्या कारखान्यात कामाला, कुणाची दोन म्हशींची दुधाची बिलं, कुणी आमच्यासारखे पगारदार. वर्षभर भिशीत पैसे टाकून एक सहल निघते. ती फसली तर पुढच्या वर्षापर्यंत, कधी कधी त्याच्याही पुढं, दुसरी निघत नाही. म्हणून हा लेख. वर्गात शेकडेवारीचा आणि दैनंदिन व्यवहाराचा पाठ म्हणूनही तो वापरता येईल. मी वापरला आहे, त्याचा अनुभव पुढे दिला आहे.

आधी जागा समजून घेऊ. इमॅजिका हे उद्यान रायगड जिल्ह्यात, खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर आहे. 2013 साली ते 'अ‍ॅडलॅब्ज इमॅजिका' या नावानं सुरू झालं. पुढच्या वर्षी शेजारीच वॉटर पार्क आलं. 2022 पासून ते मालपाणी समूहाकडे आहे. कोडोलीतून वाठारला हायवेला लागायचं, कराड, सातारा, पुणे, मग एक्स्प्रेस वे, बोरघाट उतरायचा आणि खोपोली. अंतर साधारण 300 किलोमीटर. चहापाणी, जेवण, मुलांच्या उलट्या धरून सहा-सात तास. नकाशावर बोट ठेवून एक गोष्ट मुलांना नीट दाखवा : लोणावळा घाटाच्या वर आहे, इमॅजिका घाटाच्या खाली. या एका वाक्यात आमची पहिली सहल बुडाली होती.

ते सांगते. दिवाळीची सुट्टी होती. मी, आमचे मिस्टर, सासूबाई, तेव्हा नऊ वर्षांची मुलगी आणि तीन वर्षांचा मुलगा. मोबाईलवर 'सगळ्यात कमी दर आधी' असं लावून मी वरचं पहिलं रिसॉर्ट बुक केलं. नाव काय होतं ते सोडा, 'इमॅजिकाजवळ' असं लिहिलेलं होतं आणि निळाशार पूल फोटोत होता. मी स्वतःवर खूश. रात्री पोचलो तेव्हा कळलं, हे घाटावर आहे. सासूबाईंसाठी गादी मागितली तर तिचे वेगळे पैसे. नाश्ता नऊनंतर. शनिवार होता, मुंबईची सगळी वाहनं घाटात. उद्यानाच्या गेटवर पोचलो तेव्हा बारा वाजले होते. सासूबाईंचे गुडघे दुपारी दोनलाच बोलायला लागले, पण परत खोलीवर न्यायचं तर घाट चढायचा, त्या चार तास एका बाकावर बसून राहिल्या, वर आम्हालाच म्हणाल्या, "माझं काही नाही, तुम्ही फिरा." संध्याकाळी रिसॉर्टचं जेवण बंद व्हायच्या आत घाट चढायचा म्हणून आम्ही लवकर निघालो. संध्याकाळची परेड, जी मुलीनं महिनाभर यूट्यूबवर पाहिली होती, ती चुकली. ती गाडीत रडलीसुद्धा नाही, खिडकीतून मागं बघत बसली. मला तेच जास्त लागलं.

घरी आल्यावर मी वही काढली. वर्गात आपण मुलांना खरेदी किंमत, वाहतूक, हमाली मिळवून एकूण किंमत काढायला शिकवतो, आणि स्वतःच्या वेळी मात्र मी नुसती खरेदी किंमत पाहिली होती. त्यातही एक घटक असा होता की जो कुठल्याच बिलात दिसत नाही. तो म्हणजे उद्यानातला तास.

हा घटक नीट समजून घ्या, सगळा लेख त्याच्यावरच उभा आहे. समजा पाच जणांची तिकिटं मिळून 6000 रुपये झाली आणि उद्यानात आठ तास मिळतात. म्हणजे तुमच्या कुटुंबाचा एक तास 750 रुपयांचा. ही तिकिटं काढून झालेली आहेत, ते पैसे परत येणार नाहीत. आता जे रिसॉर्ट तुमचे अडीच तास घाटात घालवतं, ते तुमचे 1875 रुपये खर्च करतं, फक्त पावती देत नाही.

आता तीन मुक्काम घेऊ. आकडे गणितासाठी धरलेले आहेत. तुम्ही जाल त्या दिवशीचे दर फोन करून घाला.

पहिला, घाटावरचा स्वस्त. खोली 2800, दोन जादा गाद्या 700 प्रमाणे 1400, झाले 4200. त्यावर 5 टक्के जीएसटी 210, म्हणजे 4410. नाश्ता बाहेर, सगळ्यांचा मिळून 600. घाट उतरणं-चढणं, पेट्रोल, टोल धरून 600. एकूण 5610.

दुसरा, घाटाखाली उद्यानाच्याच रस्त्यावरचा मध्यम. दोन मोठे पलंग असलेली खोली नाश्त्यासह 4600, आजींसाठी एक जादा पलंग 1000, झाले 5600. जीएसटी 280. जाण्यायेण्याचे 100. एकूण 5980.

तिसरा, अगदी उद्यानाला लागून असलेला मोठा. खोली नाश्त्यासह 7800, जादा पलंग 1500, झाले 9300. इथं जीएसटी 18 टक्के, म्हणजे 1674. एकूण 10974.

जाहिरातीत 2800 आणि 4600 मध्ये 1800 रुपयांचा फरक दिसत होता. प्रत्यक्षात तो 370 वर आला. आता तास मिळवा. पहिल्या ठिकाणी अडीच तास गेले, 1875 मिळवले की 7485 होतात. दुसऱ्या ठिकाणी अर्धा तास गेला असं धरू, 375 मिळवून 6355. स्वस्त म्हणून घेतलेली खोली 1130 रुपयांनी महाग पडली. शिवाय आजींच्या बाकाचा हिशेब कशात धरायचा ते तुम्हीच ठरवा.

मग तिसरा मुक्काम घेणारे मूर्ख का? नाही. ज्यांच्याकडे तान्हं बाळ आहे, ज्यांच्या आई-वडिलांना दुपारी दोन तास पडावंच लागतं, त्यांना चालत खोलीवर जाता येणं याची किंमत वेगळी आहे. इमॅजिकाला लागूनच 2015 साली उघडलेलं नोवोटेलचं 287 खोल्यांचं हॉटेल आहे. उद्यानाशेजारी हॉटेल असण्यामागचा व्यवहार जुना आहे. अमेरिकेत 1955 साली वॉल्ट डिस्नीनं डिस्नीलँड उघडलं तेव्हा शेजारच्या हॉटेलसाठी त्याच्याकडे पैसा नव्हता. ते दुसऱ्याच व्यावसायिकानं बांधलं आणि त्यानं चांगला धंदा केला. डिस्ने कंपनीला ते हॉटेल विकत घ्यायला 1988 उजाडलं. त्या अनुभवानंतर फ्लोरिडात कंपनीनं आधी हजारो एकर जमीन घेतली आणि 1971 मध्ये उद्यान उघडलं ते स्वतःच्या हॉटेलांसकट. म्हणजे त्यांनाही माहीत आहे की पाहुणा शेवटी तासच विकत घेतो. आपण तो भाव बघून घ्यायचा, एवढंच.

जीएसटीचा एक खाचखळगा सातवी-आठवीच्या मुलांना जरूर सोडवायला द्या. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे (आधी 12 होता), आणि 7500 च्या वर 18 टक्के. आता 7500 ची खोली करासह 7875 ला पडते. 7600 ची खोली? 1368 रुपये कर, एकूण 8968. शंभर रुपये वाढले आणि बिल 1093 रुपयांनी वाढलं! आमच्या वर्गात हे उत्तर आल्यावर मुलांना वाटलं, बाईंचंच गणित चुकलं. तेव्हा खोली या रेषेच्या जरा वर असेल तर सरळ फोनवर विचारा, "7500 च्या आत बसवता का?" सोमवार ते गुरुवार बऱ्याचदा बसवतात. आणि वेबसाइटवर दिसणारा दर करासह आहे की कर सोडून, हे पहिल्यांदा बघा. बहुतेक ठिकाणी शेवटच्या पानावर पैसे भरतानाच कर दिसतो.

दुसरा खाचखळगा मुलांच्या वयाचा. उद्यानात मुलाचं तिकीट ठरतं उंचीवर, हॉटेलात ठरतं वयावर. त्यामुळे एकच मूल एका ठिकाणी लहान आणि दुसऱ्या ठिकाणी मोठं असतं. हॉटेलांचे नियमही सारखे नाहीत. कुठं पाच वर्षांपर्यंत फुकट, कुठं बारापर्यंत. 'फुकट' म्हणजे झोपायला फुकट, नाश्ता वेगळा, असंही निघतं. "मूल चार वर्षांचं आहे, पलंग नको, नाश्ता धरलाय का?" एवढं एका दमात विचारायचं आणि उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून मागायचं. काउंटरवरचा माणूस दुसऱ्या दिवशी बदललेला असतो.

पॅकेजचंही तसंच. 'मुक्काम अधिक तिकीट' असं एकत्र सांगतात तेव्हा वजाबाकी करा. पॅकेजमधून तिकिटांची सुटी किंमत वजा केली की खोली खरी केवढ्याला पडली ते कळतं. कधी खरंच फायदा असतो. कधी पाच माणसांच्या कुटुंबाला दोघांच्या तिकिटांचं पॅकेज असतं, तर कधी तिकीट थीम पार्कचं आहे की वॉटर पार्कचं हेच लिहिलेलं नसतं. आणि आजींना झोपाळ्यात बसायचंच नसेल तर त्यांचं तिकीट काढायचं का, याचा विचार घरीच करा. दुसऱ्या वेळी सासूबाईंनी स्वतःच सांगितलं, "मी खोलीवर टीव्ही बघते, पोथी वाचते, माझे पैसे वाचवा." अर्थात यासाठी खोली उशिरापर्यंत ठेवता आली पाहिजे, हे लक्षात घ्या.

इथं चेक-इन आणि चेक-आउटची भानगड येते. बहुतेक ठिकाणी खोली दुपारी एक-दोनला मिळते आणि सकाळी दहा-अकराला सोडावी लागते. एका रात्रीचे पैसे देऊन तुम्हाला चोवीस तास मिळत नाहीत. मग रात्र कुठली घ्यावी, आदली की नंतरची? माझं मत ठाम आहे : एकच रात्र परवडत असेल तर आदली. सकाळी आठ-नऊला कोडोलीतून निघा, दुपारी उशिरा पोचा, मुलं संध्याकाळी रिसॉर्टच्या पुलात खेळतील (पैसे दिलेत तर पूल वापरा), लवकर झोपा, नाश्ता करून उद्यान उघडायच्या वेळी गेटवर उभे राहा. सकाळचे दोन तास रांगा कमी असतात. नंतरची रात्र घेतली तर आठ-नऊला थकून खोलीत पडायचं, सकाळी उठून सामान भरायचं. पूल, बाग, खेळ सगळ्याचे पैसे दिले, बघितलं काहीच नाही.

पण आदली रात्र घेतली म्हणजे उद्यान संपल्यावर त्याच रात्री कोडोली गाठायची, असं मात्र कुणी करू नका. दिवसभर उन्हात चाललेला माणूस रात्री सहा तास गाडी चालवतो, मागं सगळे झोपलेले असतात, हा प्रकार मला पैशाच्या हिशेबात बसवायचाच नाही. एक तर दोन रात्री घ्या, किंवा आपल्याकडच्या प्रत्येक घराचं कुणीतरी पुण्यात असतंच. कात्रजला, हडपसरला, कोथरूडला. दोन तास आधी फोन करून खिचडी टाकायला सांगा. आम्ही तेच केलं. भाड्याची गाडी असेल तर रिसॉर्टला आधी विचारा, ड्रायव्हरच्या झोपण्याची सोय आहे का. बऱ्याच जणांना हे सुचतच नाही, आणि दुसऱ्या दिवशी आपली पोरंबाळं ज्याच्या हातात असतात तो माणूस रात्रभर डास मारत गाडीत बसलेला असतो.

आता भाषेचा तास. हॉटेलची जाहिरात हा विशेषणांचा पाठ घ्यायला उत्तम उतारा आहे. मी पाचवीच्या वर्गात फळ्यावर एक उतारा लिहिला (कुठल्याच खऱ्या हॉटेलचा नाही, मीच बनवलेला) : निसर्गरम्य परिसरात, उद्यानापासून अगदी जवळ, प्रशस्त व आलिशान खोल्या, दर 2499 पासून. मग सांगितलं, विशेषणं खोडा. निसर्गरम्य गेलं, प्रशस्त गेलं, आलिशान गेलं. 'अगदी जवळ'वर वाद झाला, शेवटी तेही गेलं कारण किलोमीटर दिलेले नाहीत. उरलं काय? परिसर, खोल्या आणि 2499. एक मुलगी म्हणाली, "बाई, 'पासून' पण खोडा, त्याच्यावर किती ते कुठं लिहिलंय?" तिला मी त्या दिवशी फळ्यापाशी उभं करून टाळ्या वाजवायला लावल्या. घरी जाहिरात वाचताना हेच करा. खोडून जे उरतं, त्याचेच पैसे द्या.

लोकांचे अभिप्राय वाचतानाही थोडी युक्ती आहे. पाच तारे देणारे आणि एक तारा देणारे दोघंही रागालोभात असतात. तीन तारेवाले वाचा, ते खरं बोलतात. मे महिन्यातले अभिप्राय शोधा, म्हणजे पाणी पुरतं का, एसी चालतो का ते कळेल. घाटाखाली मे महिन्यात उकाडा आणि घाम दोन्ही असतं, लोणावळ्याची हवा तिथं नाही. फोटो हॉटेलनं टाकलेले नकोत, पाहुण्यांनी टाकलेले बघा. विशेषतः बाथरूमचे.

वर्गातला अनुभव सांगायचा राहिला. हा उपक्रम घ्यावा की नाही, मी चार दिवस घुटमळले होते. वर्गात ज्यांनी वाठारपलीकडं काही पाहिलेलं नाही अशी मुलं आहेत. त्यांच्यापुढं सात-आठ हजारांच्या खोल्या मांडायच्या? म्हणून मी आकडे तेच ठेवण्याऐवजी सहल बदलली. आधी पन्हाळा-जोतिबा एक मुक्काम, त्याचा हिशेब. गाडीभाडं, खोली, जेवण, वेळ. तक्ता तोच. मुलांनी पटापट आकडे सांगितले कारण घरातनं सगळे जोतिबाला जाऊन आलेले. मग त्याच तक्त्यात इमॅजिका घातलं. एका मुलानं हात वर केला : "बाई, खोलीच नको घेऊया. पालीला देवाच्या भक्तनिवासात राहू, दर्शन पण होईल." त्याचं कुटुंब अष्टविनायक करून आलं होतं. मी हसले, पण नंतर नकाशा उघडला तर पोरगं बरोबर होतं. पालीचा बल्लाळेश्वर त्याच खोपोली-पाली रस्त्यावर पुढं आहे, घाट न चढता. खोपोलीजवळच महडचा वरदविनायकही आहे. ज्यांना पूल नको, नुसतं स्वच्छ अंथरूण हवं, त्यांना हा चौथा मुक्काम. तक्त्यात त्याची बेरीज सगळ्यात कमी आली. माझ्या तीन पर्यायांत तो नव्हताच, तो त्या मुलानं दिला.

आता आपल्या शिक्षकांसाठी खास. शनिवार-रविवारचे दर सगळीकडे चढलेले असतात आणि घाटही तेव्हाच तुंबतो. नोकरदार मुंबईकराला मंगळवारी रजा मिळत नाही, आपल्याला मे महिन्यात आणि दिवाळीत मिळते. ही आपली एकमेव श्रीमंती आहे, ती वापरा. पण त्याच वेळी खोली बुक करताना 'पैसे परत मिळणार नाहीत' असा स्वस्त पर्याय घेऊ नका. पाच-सहाशे रुपये वाचतात खरे, पण प्रशिक्षणाचा, निवडणुकीचा नाहीतर जनगणनेचा आदेश सुट्टीत कधी येईल ते आपण सगळेच जाणतो. रद्द करता येणारी खोली घ्या आणि रद्द करायची शेवटची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

बाकी किरकोळ : पुलात आणि वॉटर पार्कमध्ये सुती कपड्यांत सोडत नाहीत, नायलॉनचे पोहण्याचे कपडे घरून न्या, तिथं भाड्याने घ्यावे लागतात. मोठ्या माणसांची सगळ्यांची आधार कार्डं बरोबर ठेवा. उद्यानात बाहेरचं खाणं नेऊ देत नाहीत, पण रस्त्यासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि भडंग बांधून घ्या, जाताना दोन जेवणं वाचतात. रिसॉर्टच्या बुफेत पांढरा रस्सा शोधू नका.

दुसऱ्यांदा आम्ही मे महिन्यातल्या एका मंगळवारी गेलो. घाटाखालचं मध्यम रिसॉर्ट, पूल फोटोपेक्षा लहान, नाश्त्याला पोहे आणि उपमा. उशिरापर्यंत खोली ठेवायचे 500 रुपये जादा दिले, सासूबाई दुपारपर्यंत आरामात होत्या, मग मिस्टर जाऊन त्यांना घेऊन आले आणि त्या गेटजवळच्या हॉटेलात चहा पीत बसल्या. परेड मुलीनं पुढच्या रांगेत उभं राहून पाहिली.

निघायच्या आधी एक काम घरी करा. मुलांना अनवाणी भिंतीला उभं करून उंची मोजा आणि इमॅजिकाच्या साइटवर कुठल्या राइडला किती उंची लागते ते बघून दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खुणा करा. गेटवर गेल्यावर "तुला नाही बसता येणार" हे ऐकण्यापेक्षा ते घरी कळलेलं बरं. आमची मुलगी नायट्रोच्या खुणेला अजून दोन बोटं कमी आहे. रोज सकाळी दात घासताना ती चौकटीला लागून उभी राहते.